सबीनाची पंखवाली बाई

१२ जानेवारी, सोमवार
आजपासून एकही तबकडी आणायची नाही. पाच पुरे. चोरबाजारातून येताना जिन्यात तीनदा बसले. तबकडी म्हणजे प्लास्टरची, वर उठावाची चित्रं, रथ, घोडे, बिनकपड्यांची देवमंडळी. पूर्वी इटलीला फिरायला गेलेले लोक आठवण म्हणून आणायचे. सून अनुजा विचारते, आई, तुम्ही कधी गेलात? गेले नाही म्हणून तर जमवते.

१३ जानेवारी
शेजारची सबीना सहावी घेऊन आली. ही मी आणली नाही, ती आली, म्हणून चालेल. सबीनाचा आजोबा बोटीवर बटलर होता, त्याने आणलेली. पंखवाली बाई उडतेय, कुशीत दोन बाळं झोपलीयत. सबीनाची मुलं भंगारात द्यायला निघालेली. रडली बिचारी. म्हटलं, माझ्याकडे मानाने राहील. धुराने काळवंडलीय, तर रविवारपर्यंत नव्यासारखी करते. चर्चमधली मिस्सा झाल्यावर ती बघायला येणारे.

१४ जानेवारी
संक्रांत. लाडू वळून हात गेले. तबकडी उद्या.

१६ जानेवारी
अनुजाने फोनमध्ये बघून सांगितलं, कोरड्या ब्रशने झटका, पाणी लावू नका. फोनला काय कळतंय? लालबागेत जन्म गेला माझा. गणपतीनंतर बघते ना दरवर्षी, प्लास्टरच्या मूर्ती समुद्रात दिल्या तरी दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर हातपाय धड. आणि ही तर बोटीने आलेली. दुपारी साबणाच्या पाण्यात बुडवली. जरा आडवी झाले, मग सिरियल. संध्याकाळी काथ्याने घासली. पांढरी झाली.
फारच पांढरी झाली.

१७ जानेवारी
नाक गेलं. बाळंही गेली. अनुजाने बादलीतलं पांढरं पाणी मोरीत ओतलं, ते जास्त लागलं. सबीनाला सांगायचं, जुनं प्लास्टर असंच झिजतं. ठरलं. पाठ दुखतेय.

१८ जानेवारी, रविवार
सबीना आली. थाप तयार होती, पण तिने पिशवीतून चष्मा काढला आणि माझ्या तोंडून खरंच निघालं. बादली, काथ्या, सिरियल, सगळं. तिने तबकडीवर बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग म्हणाली, "पोरं झोपलेलीच होती गो अंबिका. आता पांघरूण घेतलंय त्यांनी. लाव भिंतीवर."

दोन कप चहा प्यायली. जाताना मात्र वळून बघितलं नाही.

खिळा अनुजाने ठोकला. लांबून बघितलं तर पंख चांगले दिसतात. तेवढं लांब जायला खोलीत जागा नाही, एवढंच.