तिसऱ्या बेसवरची चादर

सर, काल आपल्या जुन्या सॉफ्टबॉल टीमच्या ग्रुपवर एक कोडं आलं. रनरचा तिसऱ्या बेसला पाय लागला नाही, अंपायरने ते पाहिलं, पण समोरच्या टीमने अपील केलं नाही. रन धरायचा की नाही? चाळिशी ओलांडलेल्या आम्ही बायका कणीक तशीच टाकून भांडत होतो. अंपायर गप्प बसेलच कसा, असं बऱ्याचजणींचं म्हणणं. मी लिहिलं, धरायचा. अपील झाल्याशिवाय अंपायर तोंड उघडत नाही. "सरांची खरी चेली," असं एकीने लिहिलं आणि मला कसंतरीच झालं.

दर रविवारी सराव संपला की तुमच्या कुंभारी गावच्या घरी, स्वयंपाकघराच्या फरशीवर चार वाट्या मांडल्या जायच्या. शेंगाचटणीची वाटी म्हणजे होम, बाकीच्या तीन बेस, आणि शेंगदाणे रनर. काकू भाकऱ्या थापता थापता म्हणायच्या, "पोरींना आदी जेवू द्या की." तुम्ही ऐकाल तर शपथ. "पिचरचा बॉल अंपायरच्या मास्कमदी अडकला. पैल्या बेसवरचा रनर कुटं जाणार?" मी शेंगदाणा उचलून पुढच्या वाटीत टाकते. "बरोबर. खा आता त्याला." उत्तर चुकलं तर शेंगदाणा तुम्ही खायचात, आणि तो चावताना मुद्दाम आमच्याकडे बघायचात.

मैदानावर मात्र आपल्याकडे बेस नव्हते. कारखान्यातून आणलेल्या डागी चादरी घडी घालून मांडायचो. माझी आई तिथेच घड्या घालायची, आणि घडी केलेल्या मालावर पाय पडला की पाठीत धपाटा ठरलेला. त्यामुळे चादर दिसली की माझा पाय आपोआप वरून जायचा. "काय गं, देवापुडची हाय का ती? ठिव की पाय," तुम्ही ओरडायचात. शेवटी तुम्ही कपाळाला हात लावलात.

मग ती फायनल. शेवटची इनिंग, दोन्हीकडे सारखे रन, मी दुसऱ्या बेसवर. तिथले बेस कापडी, पांढरे, लांबून घडीच्या चादरीसारखेच. फटका बसतो, मी सुटते, तिसऱ्या बेसपाशी उभे राहून तुम्ही हात गरगरा फिरवताय. मी होमला पोचले आणि आपण जिंकलो. समोरच्या मुली रडत मैदानाबाहेर गेल्या, कुणी काही विचारलं नाही. त्या सामन्यावरून राज्याच्या टीममध्ये माझी निवड झाली, पुढे क्रीडाशिक्षिकेची नोकरीही त्याच वाटेने आली.

बसची वाट बघताना तुम्ही मला बाजूला घेतलंत. "तिसऱ्याला पाय लागला न्हाय तुजा. मी बगितलं. तुला कळलंबी नसंल, सवयच हाय तशी. ठावं असतं तर तू माघारी फिरली असतीस की."

"व्हय सर," मी म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात तुम्ही कुठूनतरी रबरी बेस आणलेत आणि आधी माझ्या हातात दिलेत. वर्षभराने मला कॅप्टन केलंत. "ही पोरगी लबाडी करायची न्हाय," असं तुम्ही नव्या मुलींना सांगायचात, तेव्हा मी खाली बसून बुटांच्या नाड्या पुन्हा बांधायचे. तुम्हाला दवाखान्यात भेटायला आले ती सांगायचं ठरवूनच. तुम्ही खाटेवरून एक कोडं घातलंत, मी उत्तर दिलं, तुम्ही खूश झालात. आणि मी तशीच घरी आले.

काल ग्रुपवर मी "ती रनर मी होते" असं लिहिलं आणि पुसून टाकलं. हे पत्र तरी कुठे पाठवणार? तुम्ही गेल्यावर काकूंनी मला दिलेल्या तुमच्या नियमांच्या वहीत ठेवून देईन. दोन्ही टीमनी मैदान सोडल्यावर अपील चालत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. पाय सवयीने उचलला गेला, एवढं तुमचं खरं होतं. पण दोन पावलं पुढे गेल्यावर मला कळलं होतं, सर. माघारी फिरायला वेळ होता.