खुनी कोण, ते सांगायचं नाही

७ सप्टेंबर, रविवार
रहस्यकथा-शिबिराची खरी किंमत: फी पंधराशे, ती सोडा. शिवाय दोन रविवारचं मटण, साडूच्या पुनावळ्यातल्या फ्लॅटची वास्तुशांत आणि बायकोचा अबोला. तो चालूच आहे.
निरंजन सर म्हणाले, माहिती रोखून धरा, वाचकाला ताटकळत ठेवा. हे मला शिकवणार? माल प्रेसवरून उतरलेला नसताना ‘गाडी निघालीय साहेब, तळेगावला ट्रॅफिकमध्ये आहे’ हे मी चाकणच्या माझ्या कारखान्यातून गिऱ्हाइकांना वीस वर्षं सांगतोय.

१४ सप्टेंबर
निश्चय. गेल्या खंडेनवमीला शेडमध्ये मशिनींची पूजा झाल्यावर माझी गोष्ट वाचली, तर अर्ध्यातच सगळे पंगतीला. मी, मालक, माइकसमोर एकटा. यंदा रहस्यकथा. खुनी कळेपर्यंत एक माणूस जागचा हलला, तर लिहिणं सोडीन.

१८ सप्टेंबर, सकाळी
कथा तयार. कारखान्यात सुपरवायझरचा खून. संशय सगळ्यांवर, खुनी स्टोअरकीपर. कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही.

दुपारी
फोरमन नवनाथला सांगितलं. क्वालिटी चेक नको का? शपथ घातली. म्हणाला, “माझ्या तोंडातनं शब्द न्हाई जायचा, मालक.”

२२ सप्टेंबर
चहावाल्या गोजाबाईंना ‘खुन्याकडे किल्ल्या असतात’ एवढंच बोललो. म्हणाल्या, “स्टोअरवाला व्हय? मला वाटलंच मेल्याचं.” बाईंना कथेची जाण आहे. मग उरलेलीही सांगितली.

२६ सप्टेंबर
आमचा खरा स्टोअरकीपर धनेश रडवेला. पोरं “खुनीभाऊ, हातमोजे द्या की” म्हणत खिडकीशी येतात. फितूर कोण, शोधतोय. कामगारांच्या पोटात काही राहत नाही. धनेशला धीर दिला, की शेवटी तुला पश्चात्ताप होतो. म्हणजे आता शेवट त्यालाही कळला.

३० सप्टेंबर
बायको बोलली. पहिलंच वाक्य: “त्याला फाशी नका देऊ, धनेशची बायको माझ्या भिशीत आहे.” हिला कुणी सांगितलं? खुनी बदलावा म्हटलं, तर प्रिंट काढून झालेत. असू दे. माझी वाचायची ढब आहे ना!

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
वाचली. ‘आणि खुनी होता...’ म्हणून सरांनी शिकवल्याप्रमाणे थांबलो. मागून सगळे एका सुरात “धनेशऽऽ!” हशा, टाळ्या, आणि सगळे पंगतीला. धनेशसुद्धा.
सगळे नाही. पहिल्या रांगेत नवा ऑपरेटर जगबंधू शेवटच्या ओळीपर्यंत बसून होता. हात मांडीवर, नजर माझ्यावर, पापणी लवली नाही. नवनाथला म्हटलं, बघ, याला पकड म्हणतात.
नवनाथ म्हणाला, तो परवाच ओडिशाहून आलाय. मराठी येत नाही. पूजा अजून चालू आहे, असं त्याला वाटलं.