बाईंची सहावी वाटी

बाई, तुम्हांला पत्र लिहायला बसले आहे, हा आगाऊपणाच आहे. आधी त्याची क्षमा मागते. तुम्ही प्रश्न विचारलात की उत्तर येत असूनही जी मुलगी बाकाच्या कडेवर नख घासत खाली पाहत बसायची, तिने तुम्ही गेल्यानंतर इतक्या वर्षांनी एवढे लांबलचक बोलायला घ्यावे, याचे तुम्हांला हसू येईल. तुमच्यासमोर मला कधी सलग दोन वाक्ये बोलता आली नाहीत. पण काल एक गोष्ट पूर्ण झाली. ती आईला सांगितली, तरी जिला सांगायची होती तिला सांगितलीच नाही, असे सकाळपासून वाटत राहिले.

अंबरनाथचे तुमचे स्वयंपाकघर मला अजून जसेच्या तसे दिसते. आठवीतला डिसेंबर. आजूबाजूच्या घरांनी दिवाळीचे आकाशकंदील कधीच माळ्यावर टाकले आहेत आणि तुमच्या खिडकीत मात्र कागदी चांदणी नुकती लागली आहे. नाताळची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी तुम्ही वर्गातल्या प्रत्येकाला घरी केलेली टॉफी देत असा, उल्हासनगरच्या बाजारातून आणलेल्या पिवळ्या चमकत्या कागदात गुंडाळलेली. आणि सहामाहीत जी पहिली येईल तिने ती करायला तुमच्या घरी यायचे, असा तुमचा शिरस्ता होता. बुवापाड्याहून निघताना आईने मला दोनदा वेणी घालायला लावली. विज्ञानाच्या बाईंच्या घरी जायचे म्हणजे आमच्या घरात तो एक समारंभच होता.

"हात धुतलेस? आता साखर, पाणी आणि लिंबाचे चार थेंब. साखर विरघळेपर्यंत ढवळ. विरघळली की चमचा खाली ठेवायचा, पुन्हा हात लावायचा नाही."

"खाली लागेल ना, बाई?"

"नाही लागणार."

तेवढ्यात दारावर दूधवाला आला आणि तुम्ही बाहेर गेलात. पातेल्यात पाक रटरटत होता. आमच्या घरी आईने मला हाताला धरून जे पहिले शिकवले ते हेच होते, की विस्तवावर काही असले की ढवळत राहायचे, मग ती खीर असो, पिठले असो वा नारळाची वडी. न ढवळता नुसते पाहत उभे राहणे म्हणजे आळस. मी चमचा उचलला आणि फक्त तीन-चारदा फिरवला. कडेने पांढरी साय धरल्यासारखे झाले, आणि बघता बघता सगळा पाक ओल्या वाळूसारखा रवाळ होऊन बसला.

दुधाचे पातेले घेऊन तुम्ही आत आलात. एकदा पाकाकडे पाहिलेत, एकदा माझ्याकडे. माझे डोळे भरले होते. "रडू नकोस, खारट होईल," तुम्ही म्हणालात. आणि मग, आवाज जराही न चढवता, "लागणार नाही हे मी तुला सांगितले होते. तरी ढवळलेस. विज्ञानाच्या पेपरातही तू बरोबर काढलेली आकृती खोडून पुन्हा तीच काढतेस; तुझा पेपर तपासायच्या आधी मला खोडरबराचा भुगा झटकावा लागतो. काही गोष्टी एकदा नीट करायच्या असतात आणि मग हात मागे घ्यायचा असतो." एवढेच. त्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते आतपर्यंत गेले.

मग तुम्ही मांडणीवरून एक स्टीलची वाटी काढलीत. तिच्या पोटाला तुमचे माहेरचे नाव कोरलेले होते. तीत गार पाणी ओतून ती माझ्या हातांत दिलीत. "दोन्ही हातांनी धर. म्हणजे चमच्याकडे हात जाणार नाही." पाक पुन्हा चढला. तुम्ही शेजारी उभ्या राहून संत्र्याच्या साली काढत होता, जणू शेगडीवर काही नव्हतेच. रंग मधासारखा झाला तेव्हा वाटीतल्या पाण्यात थेंब सोडलात. तो बोटांत मऊ गोळी होऊन बसला. "हा गोळीबंद पाक. तुझी आई याच्या वड्या थापेल. आपल्याला अजून पुढे जायचे आहे." पुढचा थेंब जरा ताठ होता. त्याच्या पुढचा पाण्यात पडताच काचेसारखा झाला. तो उचलून तुम्ही वाटीच्या काठावर आपटलात आणि तो वाजला: टण्ण. तुम्ही लोणी घातलेत, चिमूटभर मीठ घातलेत, तूप लावलेल्या ताटात ओतलेत. मला निघताना तीच वाटी टॉफींनी भरून दिलीत. "ही पुढच्या नाताळात परत आण. भरून. पण तू स्वतः केलेल्या टॉफीने."

पुढच्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तुमच्या खुर्चीवर दुसऱ्या बाई होत्या. तुम्ही सुट्टीतच देवाघरी गेलात, हे तेव्हा कळले.

वाटी आमच्याकडेच राहिली. कुणाचे भांडे रिकामे परत करू नये, हे आईने मला शिकवायची गरज नव्हती. पण टॉफीही मला जमेना. नाताळ आला की मी पातेले चढवायची, श्वास रोखून उभी राहायची, आणि मागून येताजाता आईचा हात यायचा. "अगं, खाली लागतंय! लक्ष कुठंय तुझं?" की झालीच वडी. एका वर्षी आई कंटाळून म्हणाली, "मूठभर साखर घाल त्यात आणि देऊन टाक बाई. रीत पाळल्याशी कारण." मी नाही म्हटले. आईला मी असे फार कमी वेळा म्हटले आहे.

बाई, मी शिक्षिका झाले आहे. बदलापूरला हेंद्रेपाड्यातल्या मराठी शाळेत, विज्ञान शिकवते. हे वाक्य तुम्हांला प्रत्यक्ष सांगता आले असते तर मी कदाचित मान वर करून सांगितले असते. पण सातवीच्या वर्गापुढे मान वर होत नव्हती. माझा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत पोचतो आणि तिथेच विरतो. मुले वाईट नाहीत. फक्त ती सगळी एकाच वेळी बोलतात. "मॅडम सायलेंट मोडवर आहेत रे!" असे मागून कुणीतरी म्हणायचे, आणि खरे सांगायचे तर ते नाव चपखल होते. डिसेंबरच्या सुरुवातीला मुख्याध्यापिकांनी मला बोलावून घेतले. "तुमचा अभ्यास उत्तम आहे, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण वर्गाचा गोंगाट माझ्या खोलीत ऐकू येतो. नाताळनंतर सातवी दुसऱ्या कुणाकडे देऊ. तुम्ही ग्रंथालय सांभाळा. तुम्हांला आवडेलही." आवडले असतेच; म्हणून ते अधिक लागले. मला पुस्तकांत लपायला हवेच होते, आणि तुम्ही मला त्यासाठी शिकवले नव्हते.

सुट्टीच्या आदल्या दिवशी मी ती वाटी पिशवीत घालून शाळेत गेले. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडे त्यांची लहान शेगडी मागितली. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "बाय, या पोरांसमोर गॅस पेटवताव? ही पोरा तुमचा ऐकत नाय, गॅसचा काय ऐकतील?" तरी त्यांनी शेगडी स्वतः उचलून प्रयोगाच्या टेबलावर आणून ठेवली आणि दाराशी उभ्या राहिल्या, जायला तयार होईनात.

साखर, पाणी, लिंबाचे थेंब. विरघळले. मी चमचा खाली ठेवला आणि लगेच माझ्या बोटांना तो हवासा वाटू लागला. वर्गात तोच नेहमीचा बाजार भरला होता. "मॅडम, जलेबी आहे का?" "ए, सरक ना, दिसत नाय!" पहिल्या बाकावर दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका काढणारी एक मुलगी आहे. ती उठून उभी राहिली. "मॅडम, ढवळा ना! खाली लागेल!"

मी तिच्याकडे पाहिले. मग वाटीत गार पाणी ओतले आणि ती तिच्या हातांत दिली. "दोन्ही हातांनी धर," मी म्हटले. आवाज माझाच होता, मुद्दाम चढवला नव्हता. "आता पाकाला कुणीही हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही. तो झाला की स्वतः सांगेल. पण तो फार हळू बोलतो."

पहिला थेंब मऊ निघाला. "हे तर च्युइंगम झालं!" आणि हशा. दुसऱ्याला तो निम्म्यावर आला, कारण पुढच्या बाकांनी मागच्यांना दटावायला सुरुवात केली होती: "चूप बस ना यार, ऐकू दे!" पाकाला मधाचा रंग चढत होता. मी हात पाठीमागे बांधून उभी होते. वर्गात फक्त बुडबुड्यांचा आवाज राहिला, आणि मला एकदम जाणवले की ही शांतता मी मागितलेली नाही, तरी ती माझ्याच वर्गाची आहे. मी थेंब सोडला. त्या मुलीने तो पाण्यातून काढून काठावर आपटला.

टण्ण.

शेवटच्या बाकापर्यंत गेला, बाई. माझा आवाज जिथे कधी पोचला नव्हता, तिथपर्यंत.

मुले ओरडली, पण त्याआधी दारात मुख्याध्यापिका उभ्या होत्या. "काहीच आवाज येईना, म्हणून आले. म्हटले, वर्ग परस्पर सोडून दिला की काय." मावशी त्यांना म्हणाल्या, "हलू बोला, पाक आयकतंय." मी लोणी घातले, मीठ घातले, ताटात ओतले. गार झाल्यावर मुख्याध्यापिकांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि दातांना चिकटलेली टॉफी जिभेने सोडवत राहिल्या. मग म्हणाल्या, "सातवी तुमच्याकडेच राहू द्या. पण हा गॅस पुन्हा वर्गात नको." सुटताना त्या पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, "मॅडम, तुम्हांला कुणी शिकवलं?" मी म्हटले, "माझ्या बाईंनी." आणि आणखीही बोलले, पुष्कळ, मुले बसून ऐकत होती.

काल सकाळी वाटी भरून घेऊन मी तुमच्या घरी गेले. तेच पिवळे चमकते कागद, उल्हासनगरच्या त्याच बाजारातून आणलेले. खिडकीत चांदणी होती. तुमच्या यजमानांनी, काकांनी, दार उघडले; ते आता जरा वाकून चालतात. मी नाव सांगायच्या आत त्यांनी वाटी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, कोरलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अगं, ही तर आमची सहावी! संचातली. इतकी वर्षं मी हिच्या बहिणीवर संशय घेतोय!" मग खुर्चीवर बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "तेव्हा हिला विचारलं होतं मी, वाटी कुठं गेली म्हणून. म्हणाली, येईल. भरून येईल." त्यांनी एक टॉफी सोलली, दातांनी फोडण्याआधी वाटीच्या काठावर वाजवून पाहिली. हे त्यांना कुणी शिकवले असेल, ते मी विचारले नाही.

निघताना त्यांनी टॉफ्या बरणीत काढल्या आणि वाटीत करंज्या घातल्या. दोन मावल्या, तिसरी वर तिरकी बसवली. "रिकामी कशी देऊ? हिच्या बहिणीनंच पाठवल्यात. तिला आता माफ करायला हवं." म्हणजे वाटी पुन्हा आमच्या मांडणीवर आहे, बाई, आणि पुढच्या नाताळात ती मला पुन्हा भरून न्यायची आहे. एक कबुली द्यायची राहिली. दाराशी मी "राहू द्या, काका" असे दोनदा म्हटले, पण ते शिष्टाचारापुरते. त्यांनी ती खरोखरच ठेवून घेतली असती, तर मी बुवापाड्यापर्यंत रडत आले असते.

हे पत्र कुठे पाठवायचे मला माहीत नाही, आणि माहीत असते तरी धीर झाला नसता. ते विज्ञानाच्या पुस्तकात राहील. वाटी मात्र तुमच्या घरी पोचती केली, भरून: चोवीस डिसेंबर, सकाळी सव्वाअकरा.