ढब्बूचं ट्रेनिंग आणि कमरेचा पट्टा

३ मार्च
पार्सल आलं. हँड्स-फ्री लीश. पट्टा आपल्या कमरेला, त्याला ताणली जाणारी दोरी, दोरीच्या टोकाला आमचा कुत्रा, ढब्बू. हात मोकळे! बाथरूममध्ये घसरल्यापासून हिचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. सकाळचं फिरणं बंद. ढब्बू दाराशी बसून रडतो, ही खिडकीशी बसून बाहेर बघते. म्हटलं, त्याला पट्ट्याची सवय लावून तुझ्या हवाली करतो. ऑफिसात नव्या भरतीचं ट्रेनिंग मीच घेतो. कुत्रा काय चीज आहे! ही हसली. बऱ्याच दिवसांनी.

४ मार्च
फाटकाबाहेर पडताच मांजर. ढब्बू सुटला. मी त्याच्या मागे, कंबर पुढे, डोकं मागे. दोष पट्ट्याचा, सैल होता. हिने विचारलं, कसं झालं? पहिल्या दिवसाच्या मानाने छान, म्हटलं.

६ मार्च
पट्टा आवळला. श्वास घेता येईना. केमिस्टच्या दुकानासमोर ढब्बूने ब्रेक मारला, मला मारता आला नाही. त्याच्यावरून पडलो. केमिस्टने विचारलं, काही हवंय का? ट्रेनिंग चालू आहे, म्हटलं.

९ मार्च
व्हिडिओत सांगतात, कुत्रा ओढू लागला की झाडासारखं उभं राहायचं. राहिलो. ढब्बू माझ्याभोवती फिरत राहिला. शेवटी रस्त्याने जाणाऱ्या एका बाईंनी मला सोडवलं. संध्याकाळचा धडा रद्द. ऑफिसचं काम. (काम नव्हतं.)

१२ मार्च
नवी पद्धत. कोपऱ्यावरच्या बाकावर बसायचं. मी फोन बघतो, ढब्बू झोपतो, मग घरी. दोघंही खूश. हिला सांगितलं, आता अजिबात ओढत नाही. यात खोटं काय? झोपलेला कुत्रा ओढत नाहीच.

१५ मार्च
हिने लेकीला फोन करून सांगितलं, बाबांनी कमाल केली. लेकीने माझं अभिनंदन केलं. छान वाटलं. फोन लगेच हिच्याकडे परत दिला.

१६ मार्च, सकाळ
उठून बघतो तर ही बूट घालून तयार. एका हाताने कमरेच्या पट्ट्याचं बकल लागेना, मी मागून लावून दिलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड तिच्या कानाशीच होतं. म्हटलं, जपून जा.

१६ मार्च, दुपार
पडली. गुडघे सोलले, हनुवटीला टाके. प्लास्टरचा हात थोडक्यात वाचला. डॉक्टर चिडले. ही त्यांना सांगत होती, कुत्र्याचा काही दोष नाही, ह्यांनी फार छान शिकवलंय त्याला, माझंच काहीतरी चुकलं. मी भिंतीवरचा, डोळे तपासायचा तक्ता वाचत होतो. अगदी खालच्या ओळीपर्यंत.

१८ मार्च
उद्या सांगणार. नक्की.

१९ मार्च
तिचे टाके ठणकतायत. अशात नको.

२१ मार्च
हिने मेहुण्याला बोलावलंय. तो उद्या येऊन ढब्बूला घेऊन जाणार, कायमचा. ही म्हणाली, शिकलेला कुत्रासुद्धा मला सांभाळता येत नाही, मग ठेवून काय करू? ढब्बूची वाटी डाव्या हाताने धुतली, पुसली, पिशवीत ठेवली. रडली असती तर बरं झालं असतं.

२२ मार्च
मेहुणा आला. ढब्बू गाडीत चढेना. मेहुणा म्हणाला, काय हो, एवढा शिकलेला ना? मग सांगून टाकलं. तो काहीही शिकलेला नाही, मी नुसता बाकावर बसून यायचो. मेहुणा पोट धरून हसला. ही हसली नाही. बकल लावताना माहीत होतं ना तुम्हाला, एवढंच विचारलं. हो म्हटलं. तिने पिशवीतून वाटी काढली आणि आत गेली. मेहुण्याचं हसू थांबलं. तो चहा न घेताच निघाला. ढब्बू इथेच.

२४ मार्च
परवापासून ही माझ्याशी बोललेली नाही. साधी दोरी हातात धरून ढब्बूला फिरवलं. ही आली, पण मागून, अंतर ठेवून. ढब्बू दर खांबापाशी तिच्यासाठी थांबतो, म्हणून मीही थांबतो. वरच्या मजल्यावरचे काका भेटले. म्हणाले, काय, शिकला का? ‘हो’ अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात ही मागे येऊन उभी राहिली. नाही म्हटलं. काका म्हणाले, शिकेल हळूहळू.
ही म्हणाली, बघू.
कुणाबद्दल, ते विचारलं नाही.