सातव्या नाक्यावर उभा राहिलेला शुक्रा

मी, श्रीमती हिरकणी गोविंदराव चुरी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार बोर्डी, तालुका डहाणू, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र आज माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. सकाळच्या उजेडात सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवते. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून हातात पेन दिलेलं नाही. गेल्या नोव्हेंबरपासून आपल्या भागात जमीन हलते आहे. परवा फळीवरचा डबा पडला आणि बटणं घरभर झाली. ती वेचताना वाटलं, माझ्यानंतर कोणाला असं वेचत बसायला लागू नये. ओट्यावर बसून लिहिते आहे, अक्षर हललेलं दिसलं तर दोष जमिनीला द्यावा.

यापूर्वी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असं कोणी म्हणालं तर तो खोटं बोलतो.

कलम १. राहत्या दोन खोल्या, पुढचं दुकान आणि परसातली चिकूची पाच झाडं माझ्या दिराचा नातू चिरंजीव प्रितेश प्रविण चुरी याला द्यावीत. मला मूलबाळ नाही. आमचे हे २००३ साली गेले, तेव्हापासून मला औषधाची आठवण करून देणारा हा एकच. कुंपणाकडचं झाड वटवाघळांचं आहे. त्याला जाळी लावू नये. ह्या मृत्युपत्राची अंमलबजावणी प्रितेशनेच करावी.

कलम २. पुढे कातरदेशाचं नाव येईल. ते काय आहे ते आधी सांगते, नाहीतर वाचणारा म्हणेल, म्हातारी कुठल्या सातबाऱ्यावरची जमीन वाटते आहे.

मी शाळेची पायरी चढले नाही. ब्लाउजची मापं कापायला जुने पेपर लागायचे, त्यांच्यावरच बोट फिरवून वाचायला शिकले. पण जिथे बाही कापली तिथे बातमी तुटायची. पुराच्या पाण्यात म्हैस वाहत आली आणि पुढे एकदम गळा. मग पुढचं मी मनाने जोडायची. चाळीस वर्षं अशी जोडत आले.

२०१४ च्या दिवाळीत प्रितेश मुंबईच्या कॉलेजातून एक खेळ घेऊन आला. टेबलाभोवती बसायचं. एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी बोहाड्याच्या जत्रेत घेतात तसं एकेक सोंग घ्यायचं. मुखवटा नाही, बोलण्यातच सोंग. अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. त्याच्या पुस्तकात सगळीकडे बर्फाचे डोंगर आणि दगडी किल्ले. मी म्हटलं, "अरे, आपल्याकडे बर्फ मासळीच्या पेटीत असतो. ह्यात मी काय जीव ओतू?"

तो म्हणाला, "मग आजी, तूच बनव ना मुलूख."

बनवला. पेपरातून कापून खाली पडलेल्या तुकड्यांचा देश, म्हणून कातरदेश. तिथल्या नद्या दुपारपर्यंत समुद्राकडे जातात आणि दुपारनंतर डोंगराकडे परत येतात. ताडावर कंदील पिकतात. मिठाला वाचा आहे, म्हणून तिथे कोणी चुलीपाशी खोटं बोलत नाही. देशाची कड कात्रीने कापल्यासारखी सरळ आहे, आणि तिच्यापलीकडे काय पडलं आहे ते माझ्या वह्यांतही नाही. राजा नाही, सात नाके आहेत. आपल्या अच्छाडच्या नाक्यावर ट्रक अडतात तशी तिथे माणसं अडतात. पैसा चालत नाही. आठवण भरावी लागते. खरी, स्वतःची, आधी कोणाला न सांगितलेली. एकदा भरली की ती नाक्याची. टेबलावरून उठल्यावर तिचा उच्चार कोणी करायचा नाही. केला तर भरणा रद्द. हा नियम माझाच, पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलेला.

रविवारी दुपारी दुकान बंद ठेवून आम्ही पाच जण बसायचो. गोष्ट मी चालवायची. प्रितेश असेल तेव्हा प्रितेश. शेजारची पुष्पा, जी अंगणवाडीतून निवृत्त झाली. माझ्याकडे शिवायला येणारी, तलासरीकडच्या पाड्यावरची संगिता. आणि तिचा धाकटा भाऊ सुनिल, जो वाडीत चिकू उतरवायचा. संगिताचं सोंग जिवली, मिठाचं बोलणं ऐकू येणारी. सुनिलचं सोंग शुक्रा, होडीवाला. सगळ्यांना पार नेतो आणि स्वतः पलीकडे पाय ठेवत नाही. ते त्याने असं का घेतलं, हे मला अडीच वर्षांनी कळलं.

कलम ३. पुतण्या प्रविण, म्हणजे प्रितेशचा बाप. ह्याने गावभर केलं की काकी जुगाराचा अड्डा चालवते. एका रविवारी हवालदार आले. फासा उलटासुलटा करून म्हणाले, "ह्याच्यावर पैसे लावतात कसे?"

पुष्पा म्हणाली, "लावत नाही, साहेब."

"मग खेळता कशाला?"

मी चहा टाकला. ते चहा पिऊन गेले, पण सुनिल आणि संगिता दोन रविवार भीतीने आले नाहीत. पोलीस दारात आला की वाडीवाल्यांकडे चहा पिऊन जातो, पाड्यावरच्यांना उचलून नेतो, हे प्रविणला ठाऊक होतं. म्हणून माझा राग.

प्रविण, कातरदेशात एक बिनकानाचा तलाठी आहे, तो तूच. ते पान वहीतून फाडून घ्यायचा हक्क तुला देते. शिवाय तुझ्या काकांचं मनगटी घड्याळ तुला. लहानपणी माझ्या मांडीवर बसून ते कानाला लावायचास. तेव्हा तुला कान होते.

कलम ४. पायाचं शिलाई मशीन, ओव्हरलॉक, दोन्ही कात्र्या, टेप, बटणांचे डबे, सगळं सामान संगिताला द्यावं. मोठी कात्री फक्त कापडाची. तिने कोणाला कागद कापू देऊ नये. हे कशाच्या बदल्यात नाही. बारा वर्षं तिने त्या मशीनवर मान मोडून काम केलं, पाठीला पोक यायला लागलं तरी एक काज वाकडं गेलं नाही. सामान तिचंच आहे, मी फक्त ते आजवर माझ्या दुकानात ठेवून घेतलं.

कलम ५. हे कलम, आणि कलम ७ही, प्रितेशने तलासरीला पाड्यावर जाऊन संगिताला समोर बसून वाचून दाखवावं. फोनवर वाचू नये. ती उठून गेली तर दाराबाहेर थांबून वाचावं.

२०१७ चा मे महिना. संगिता त्या रविवारी पाड्यावर लग्नाला गेली होती. शुक्रा सातव्या नाक्यावर आला. मी नाकेदाराच्या आवाजात विचारलं, "काय भरतोस?"

सुनिल हसत होता. "मावशी, अर्धी भाकरी आहे डब्यात. चालेल?"

"आठवण भर."

मग तो हसायचा थांबला. त्यांची आई बारकी २००९ च्या श्रावणात ओहोळावरच्या बिनकठड्याच्या फरशी पुलावरून वाहून गेली, हे सगळ्यांना माहीत आहे. वाडीतून कामावरून परत जाताना, एकटी होती म्हणून गेली, असं सगळे समजतात. सुनिल तेव्हा सतरा वर्षांचा. मी वाडीतच मागे थांबलो होतो, असं त्याने सांगितलेलं. त्या दुपारी त्याने माझ्या टेबलावर भरलं ते असं: तो तिच्याबरोबर होता. फरशीच्या मध्यावर त्याचा पाय सरकला, तिने त्याला वर ओढला, आणि त्या ओढीत ती गेली. तिचा हात त्याच्या हातात होता. तोही तिच्यामागे ओढला जात होता. ती म्हणाली, सोड. त्याने सोडला नाही.

"मग तिने माझ्या मनगटाला चावा घेतला, मावशी. तेव्हा सुटला."

उजव्या मनगटावर तो नेहमी काळा दोरा बांधायचा. संगिता समजायची, नवसाचा आहे. त्याने तो वर सरकवला. खाली दातांची खूण होती.

पुष्पा रडायला लागली. प्रितेशने वह्या मिटल्या. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तिघांना चहा केला. "नाका उघडला" एवढे दोन शब्द म्हणायचे होते, ते राहून गेले. पुढच्या रविवारी म्हणू, असं मनाशी धरलं.

पुढचा रविवार यायच्या आधी मी नियम मोडला. शाळेच्या गणवेशांची घाई होती. सुनिल त्या वर्षी गुजरातकडच्या बोटीवर खलाशी म्हणून जायचं म्हणत होता आणि मी त्याला नको म्हणत होते. संगिता काजं करता करता म्हणाली, "मावशी, भाऊ माझा आहे. तुम्हाला एवढा का पुळका? तुम्ही काय त्याला माझ्यापेक्षा जास्त ओळखता?"

मी म्हटलं, "तुला काय ठाऊक त्याचं? तुझी आय बुडाली तेव्हा तो बरोबर होता. हात त्याच्या हातातून सुटला."

तिने कात्री खाली ठेवली आणि उठली. चाव्याची गोष्ट माझ्या तोंडातच राहिली. समोर गिऱ्हाईक माप द्यायला उभं होतं, टेप माझ्या हातात होती. मी माप पुरं घेतलं, वहीत उतरवलं, मग दारात आले. ती एसटीत बसून गेलेली.

पाड्यावरून कानावर आलं ते असं: घरी तिने सुनिलला विचारलं, "आयबरोबर होतास?" तो "हो" म्हणाला. पुढे एक शब्द बोलला नाही. जी आठवण भरली ती नाक्याची, हा नियम त्याने माझ्यापेक्षा चांगला पाळला. तिने त्याला घराबाहेर काढलं. ऑगस्टमध्ये तो बोटीवर गेला. नोव्हेंबरात बोट बंदराला आली, दोन माणसं आली नाहीत. त्यातला एक सुनिल. अंग सापडलं नाही.

मी पाड्यावर दोनदा गेले. पहिल्यांदा दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा, बोटीची बातमी आल्यावर, संगिता अंगणात आली आणि म्हणाली, "मावशी, तुमच्या तोंडून माझ्या घरातलं काही ऐकायचं नाही मला. घ्या शपथ." मी घेतली. सव्वा वर्ष पाळली. आज हे लिहिते आहे आणि वाचून दाखवणार आहे प्रितेश. माझी शपथ ह्यात मोडत असेल तर मोडू दे, मी मेलेली असेन.

संगे, पोरी, त्याने हात सोडला नाही. तुझ्या आईने सोडवून घेतला.

कलम ६. बँकेत जे काही आहे त्यातून माझं क्रियाकर्म थोडक्यात उरकावं. बुंदी करू नये, मला कधीच आवडली नाही. उरलेल्यातून त्या फरशीला दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडा बसवावा, हाताची पकड बसेल इतपत जाड. परवानगीसाठी प्रितेशने हेलपाटे घालावेत. कठड्यावर माझं नाव घालू नये. कोणाचंच घालू नये.

कलम ७. कातरदेशाच्या अकरा वह्या आणि त्याचा नकाशा, म्हणजे मी तीन हिवाळे बसून शिवलेली गोधडी, हे संगिताला द्यावं. प्रितेशने तिच्या परवानगीशिवाय तो मुलूख कुठल्या टेबलावर मांडू नये. मुंबईतले त्याचे मित्र कितीही मागे लागले तरी नाही. तिने वह्या चुलीत घातल्या तर त्याने हू की चू करू नये.

माझ्याच नियमाप्रमाणे सुनिलचा भरणा मी रद्द केला. भरूनही शुक्रा नाक्यावर अडकला आहे, आणि ज्याचं सोंग होतं तो तर परत यायचा नाही. त्याच्या नावाने दुसऱ्या कोणीतरी भरायला हवं. मी भरते. खरी, स्वतःची, आजवर कोणाला न सांगितलेली.

सगळे म्हणतात, हिरकणीकाकी कळवळ्याने बोलून गेली, बहिणीला खरं कळावं म्हणून. पुष्पाही तसंच समजते. मी कधी दुरुस्त केलं नाही. खरं हे आहे की मला वादात जिंकायचं होतं. माझ्याकडे शिवायला येणारी मुलगी मला विचारते, जास्त ओळखता का, आणि माझ्या हातात उत्तर होतं. ते फेकताना मला बरं वाटलं. ती उठली तेव्हासुद्धा क्षणभर बरंच वाटत होतं. संगे, एवढं बरं वाटण्यासाठी मी तुझा भाऊ घालवला.

भरणा झाला. पण नाका उघडायचा अधिकार आता माझा नाही. गोधडीवर उजव्या खालच्या कोपऱ्यात सातवा नाका आहे. त्याचा आडवा बांबू मी अर्धाच शिवला आहे. सुई तिथेच टोचून ठेवली आहे, दोरा ओवलेला आहे. पुढचे टाके घालून नाका बंद करायचा की आहेत ते उसवून उघडायचा, ते तू ठरव. घाई नाही. पण शुक्रा फार दिवस उभा आहे.

कलम ८. पुष्पा, साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देता येत नाही असं प्रितेश सांगतो. म्हणून तुझ्या नावाने ह्यात एक टाचणीही नाही. रागावू नकोस. लोणच्याची बरणी मी जिवंतपणीच आणून देते.

वरील सर्व मी लिहिलं, पुन्हा वाचलं, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: हिरकणी गोविंदराव चुरी
ठिकाण: बोर्डी
तारीख: २४ फेब्रुवारी २०१९, रविवार

साक्षीदार १: पुष्पा सदानंद राऊत, राहणार बोर्डी. सही माझ्यासमोर झाली. कलम ५ मधल्या दुपारी मीही त्या टेबलावर होते. मनगटावरची खूण मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. नियम मोडून लिहिते.

साक्षीदार २: लाहू काकड्या दुबळा, रिक्षाचालक, राहणार तालुका तलासरी. सही माझ्यासमोर झाली. मजकूर वाचलेला नाही. काकी विचारतात म्हणून लिहितो: धक्क्यांनी संगिताच्या घराची भिंत फुटली तेव्हा काकींनी माझ्याबरोबर ताडपत्री पाठवली होती. कोणी दिली ते मी तिला सांगितलं, तिने ठेवून घेतली. काल तिच्या अंगणावरून गेलो. ताडपत्री बांधलेली आहे, चारी कोपरे ताणून, आणि खाली मुलं झोपलेली होती.