चाळीस मिनिटं

४ जानेवारी
आजही वीसच मिनिटं! नियम चाळीसचा. रणगाडा फोडणाऱ्या क्षेपणास्त्राची ही नवी नेमदुर्बीण — ती थंडपेटीत चाळीस मिनिटं गोठवायची, काच बघायची, मग सही. पण साहेबांना महिनाअखेर दोनशे नग हवेत आणि पेटी एकच. सगळे वीसला काढतात. मीही. सही मात्र चाळीसची ठोकते.

६ जानेवारी
धाकट्याचा फोन. त्यांच्या तुकडीला नव्या दुर्बिणी मिळाल्या. सहा. स्वारी जाम खूश! "ताई, जुनीवर क्षेपणास्त्र आदळेपर्यंत डोळा लावून बसायचं. मोजून अठरा सेकंद डोकं आडोशाच्या वर! हिच्यात रणगाड्यावर चौकट धरली, सोडलं, की लोळण घेऊन खाली." मग म्हणतो, "आणि सही कुणाची? आमच्या घरच्या मास्तरीणबाईंची, तुझी! आता कसली भीती?"
मी हसले. काय हसले मी!

९ जानेवारी
जेवायला गेले आणि एक नग पेटीतच विसरला. परत येईतो चाळीस होऊन गेलेली. काढला तर काचेच्या आतून वाफ. चित्र नाहीच, नुसतं दूध! आणखी चार लावले, प्रत्येकी पूर्ण चाळीस. एक पुन्हा तसाच.
पाचात दोन. आणि धाकट्याच्या सहा?

१० जानेवारी
साहेबांना सांगितलं. "गरम झाली की जाते हो वाफ."
म्हटलं, तोवर रणगाडा थांबणार आहे का?
खुर्चीतून उठले. "बाई, सह्या तुमच्या आहेत. मान तुमचीच अडकेल."
खरंच आहे ते. त्यांची एकही सही नाही. माझ्या मेलीच्या सगळ्या!

११ जानेवारी
धाकट्याचा फोन लागत नाही. तुकडी पुढे गेली म्हणे. तिकडे बर्फ आहे. आई विचारते, ताटात काय चिवडत बसलीयस? काय सांगू तिला!

१२ जानेवारी
फोन बंदच.

१३ जानेवारी
लष्कराच्या तपासनिसांना थेट पत्र दिलं. सगळं लिहिलं — वीस मिनिटं, खोट्या सह्या, माझं नाव. नोकरी जाऊ दे, तुरुंगात टाकू दे. धाकटा धडधाकट घरी येऊ दे. बस्स.

१५ जानेवारी
तपासनीस आले. मला वाटलं, आजच हाकलतात. पण सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सगळ्या दुर्बिणी आजच परत मागवतो. चौकशी होईल तेव्हा होईल. तोवर परत आलेला प्रत्येक नग तुम्हीच तपासायचा. पूर्ण चाळीस."
साहेबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नका बघू!
सुटले! घरी येऊन दोन वेळा भात घेतला. आई म्हणाली, हं, आता माणसात आलीस.

२२ जानेवारी
सकाळी दारात दोघं. गणवेशात. आईने त्यांना बसवलं, पाणी आणायला आत गेली. ती आत असतानाच त्यांनी मला सांगितलं.
धाकटा गेला.
मी विचारलं, दुर्बिणीत वाफ धरली होती का? त्यांना कळेचना. मग मोठा अधिकारी म्हणाला, "नव्या तर चार दिवसांपूर्वीच परत गेल्या. जुनीवर होता तो. रणगाडा फोडला त्याने. शेवटपर्यंत डोळा काढला नाही."
आई पाण्याचे पेले घेऊन उभी होती.

२३ जानेवारी
अठरा सेकंद. घड्याळ लावून बघितलं. फार होतात.

३० जानेवारी
धाकट्याच्या तुकडीचे सहा नग आज माझ्या टेबलावर आले. प्रत्येकी पूर्ण चाळीस मिनिटं गोठवले. सहाच्या सहा काचा स्वच्छ.