हसत गेली

मंगळवार, चौदा तारीख
दुपारची जेवणाची सुट्टी

लाडक्या ठमाबाईस,

मावशीचे भरपूर आशीर्वाद आणि सोबत एक चिमटा, नेहमीच्या जागी, दंडावर. अक्षर पाहून कपाळाला आठ्या घालू नकोस. सातवीपर्यंतच शिकलेय, तेही मास्तर कंटाळून पास करायचे म्हणून. तू फोनवर "बरी आहे गं" एवढंच म्हणतेस आणि ठेवून देतेस. कागद असा ठेवून देता येत नाही, निदान पाकीट तरी फोडावं लागतं.

मी ठणठणीत आहे. गुडघे जिना चढताना शिव्या देतात, पण उतरताना गप्प असतात. तुझे काका गेल्यापासून घरात चिडवायला कुणी नाही, म्हणून त्यांच्या फोटोला चिडवते. परवा म्हटलं, "तुम्ही बरे सुटलात, चष्मा शोधायचं काम माझ्यावर टाकून." हूं नाही की चूं नाही. जिवंतपणीसुद्धा असेच होते म्हणा.

नोकरी तीच. मोठ्या सभागृहाच्या दाराशी सामान ठेवायची खोली आहे, तिथे मी. लोकांनी बॅग द्यायची, मी नंबरचा बिल्ला द्यायचा. जाताना बिल्ला आणेल त्याला बॅग. नाव विचारायचं नाही, रांग खोळंबते. वर सहा मजले पाहुण्यांच्या खोल्या. डॉक्टरांची परिषद असली की छत्र्या विसरतात, वकिलांची असली की बिल्ले हरवतात आणि वर माझ्याशीच भांडतात. इथे सगळेच मला मावशी म्हणतात, आमचे व्यवस्थापकसुद्धा. टाय इतका घट्ट बांधतात की बोलताना डोळे बाहेर येतात. मी त्यांना मनातल्या मनात 'गळफास' म्हणते.

आता मुद्द्यावर येते. केव्हाची पेन फिरवत बसलेय.

मागच्या हिवाळ्यात दगडांची परिषद होती. हसू नकोस, खरंच दगडांची. चारशे माणसं तीन दिवस दगडांवर बोलली. त्या वेळी आयोजकांनी एक नवीन काढलं. परिषदेला आलेल्या बायका-मुलींना कुणी त्रास दिला, नको तिथे हात लावला, खोलीवर बोलावलं, तर त्यांनी सांगायचं कुणाला? म्हणून पाच-सहा जणींना निळी फीत दिली. फीत दिसली की तिच्याकडे जायचं. मी दिवसभर एका जागी बसलेली असते, म्हणून एक मलाही. एक कागदही दिला. 'ऐकून घ्या. थट्टा करू नका. तिला एकटं सोडू नका. लिहून ठेवा.' मी गळफासांना म्हटलं, "साहेब, या वयात मला त्रास द्यायला कुणी येणार असेल तर आधी सांगा, केस विंचरून बसते." सगळे हसले. फीत मी लुगड्याच्या पिनेने छातीवर लावली आणि कागद बिल्ल्यांच्या डब्याखाली सरकवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला ही रांग. एक मोठे सर आले. पांढरे केस, गोड बोलणं, सगळे वाकून नमस्कार करत होते. त्यांनी दोन बिल्ले पुढे केले. दुसरी बॅग हिरवी होती, तिला लोकरीचं मेंढरू लटकवलेलं. मी म्हटलं, "हे मेंढरू तुमचं वाटत नाही हो, सर." ते म्हणाले, "माझ्या विद्यार्थिनीची आहे. रांगेत कशाला ताटकळेल बिचारी." बिल्ला होता, बॅग दिली. जाता जाता म्हणाले, "ती आली की सांगा, वर माझ्या खोलीत, तीनशे बारामध्ये ठेवलीय."

पंधरा मिनिटांनी ती आली. तुझ्या त्या वेळच्या वयाची असेल. बिल्ला सरांनी मागून घेतला होता, तिला वाटलं कुठे तरी नोंद करायची असेल. बॅगेत तिचा कॉम्प्युटर, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला वाचायचं भाषण, घरची किल्ली, सगळं. मी निरोप दिला. ती तिथेच उभी राहिली. मागे रांग चुळबुळत होती. तिने माझ्या फितीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

जेवणाची सुट्टी संपली होती. आता घरी येऊन पुढे लिहितेय.

ती म्हणाली, "मावशी, तुम्ही येता का माझ्याबरोबर वर? दोनच मिनिटं."

आणि मी म्हटलं, "मी कशाला गं? म्हातारे आहेत ते. तुला खायला त्यांच्या तोंडात दात तरी आहेत का?"

रांगेतले सगळे हसले. तीही हसली. हसतच जिन्याकडे गेली.

ठमे, माझ्या बाकड्यापासून जिना बारा पावलांवर आहे. मी नंतर मोजली.

सकाळी नऊला तिच्या नावाची पाटी टेबलावर होती, ती नव्हती, हे मला पुढे कळलं. हिरवी बॅग पुन्हा माझ्याकडे आली नाही. मी चौकशी केली नाही. खोटं कशाला बोलू, माझ्या लक्षातही राहिलं नाही.

महिन्याभराने तिने तक्रार केली. समिती बसली, तीन माणसं, त्यांत एक बाई. खोलीत काय झालं ते तिसऱ्या कुणी पाहिलेलं नाही. सर म्हणाले, ती आपल्या मनाने आली, गप्पा मारल्या, गेली. ती म्हणाली, मला यायचं नव्हतं, मी सोबत मागितली होती. तेव्हा सगळं माझ्यावर आलं. ती खरी की ते खरे, हे माझ्या तोंडून ठरणार होतं. गळफासांनी आदल्या दिवशी बजावलं होतं, "मावशी, विचारतील तेवढंच बोला." पण त्यांच्यावर ढकलत नाही. त्यांनी मला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं.

बाईंनी विचारलं, "मुलगी घाबरलेली दिसत होती का?"

मी म्हटलं, "नाही बाई, हसत गेली."

"तिने तुमच्याकडे काही मदत मागितली?"

तिथे मला माझी फीत आठवली. कागद आठवला, डब्याखालचा. आता हो म्हटलं तर पुढचं विचारतील, मग तुम्ही काय म्हणालात? आणि ते दाताचं वाक्य त्या तिघांसमोर, त्या शांत खोलीत, माझ्याच तोंडाने म्हणावं लागेल. नोकरीची भीती नव्हती गं. लाज वाटली. मी म्हटलं, "तसं काही आठवत नाही."

खाली सही केली. वळणदार.

बाहेर ओट्यावर ती बसली होती. माझ्याकडे बघून उठली. मला वाटलं ओरडेल, मी तयार होते. ती हळूच म्हणाली, "मावशी, मी विचारलं होतं तुम्हाला." बस. मी पदर सारखा केला आणि पुढे गेले.

निकाल पानभर होता. गळफासांनी वाचून दाखवला. त्यात माझे दोन शब्द जसेच्या तसे घातलेत, 'हसत गेली'. तक्रार सिद्ध होत नाही.

तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. चौथ्या दिवशी मी समितीच्या बाईंकडे गेले, सगळं सांगितलं, दातासकट. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तेव्हा का नाही बोललात? आता कागद वर गेलेत. तिनेच पुन्हा अर्ज केला तर उघडता येईल." मी तिचा नंबर मागितला, तो त्यांना देता येत नाही. तिच्या विद्यापीठात गेले, दोन बस बदलून. दारावरचा शिपाई म्हणाला, ती सोडून गेली, शिक्षणही आणि गावही. पत्ता ठेवला नाही. मोठ्या सरांची खोली तिथेच होती, दाराबाहेर मुलं वह्या घेऊन उभी होती. त्यांत दोन मुली. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. काय सांगणार होते? माझ्या सहीचा कागद त्या सरांच्याच खिशात आहे.

आमच्याकडे मात्र सुधारणा झाली. आता नाव पाहून बॅग द्यायची. आणि पुढच्या महिन्यात शिक्षकांची परिषद आहे, तिच्यासाठी गळफासांनी मला पुन्हा निळी फीत आणून दिली. म्हणाले, "मावशी, तुम्हाला अनुभव आहे." ती समोर टेबलावर पडलीय. नको म्हणावं तर तिथे दुसरी कोणी माझ्यासारखीच बसेल. लावावी तर कोणत्या तोंडाने?

ठमे, आता जे लिहायला एवढा कागद काळा केला ते.

सात वर्षांपूर्वी तू अशाच कुठल्याशा परिषदेहून थेट माझ्याकडे आली होतीस. मी मटार सोलत होते. तू ताटं पुसायला घेतलीस आणि म्हणालीस, "मावशी, आमचे सर आहेत ना..." आणि मी म्हटलं, "काय गं, मागणी घातली की काय म्हाताऱ्याने?" तू हसलीस. ते ताट केव्हाच कोरडं झालं होतं, तरी पुसत राहिलीस. पुढच्या महिन्यात शिक्षण सोडलंस. मी सगळ्यांना सांगत फिरले, पोरगी आळशी. ताईलाही तेच सांगितलं.

ती मुलगी जिन्याकडे वळून हसली ना, ते हसू मी आधी पाहिलं होतं. माझ्याच स्वयंपाकघरात. आणि ओळखलं नाही.

तिला आता विचारता येत नाही. तुला विचारते. "आमचे सर आहेत ना..." त्याच्या पुढे काय होतं?

लिहू नये वाटलं तर नको लिहू. नुसता फोन कर आणि गप्प राहा, तरी चालेल. मी मध्ये बोलणार नाही.

सगळ्या जगाची मावशी, आणि तुझी होता होता राहिलेली,
मावशी